कमिटवर नाव कुणाचं? ओपन सोर्समधल्या बायका आणि श्रेयाचा हिशेब

ओपन सोर्सच्या जगात सगळं उघड्यावर चालतं. प्रोग्रामची कुठली ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, कुणी तपासली, त्यावरून कोण कुणाशी किती भांडलं, हे जगातल्या कुणालाही वाचता येतं आणि वीस वर्षांनीही वाचता येतं. डिग्री, चेहरा, पगार कुणी विचारत नाही; कोड चालला की झालं. तरीही याच जगात बायका दिसत नाहीत, त्यांच्या कामाची दखल घेतली जात नाही, ही तक्रार गेली पंचवीसेक वर्षं होते आहे. सगळं उघडं असताना कुणी झाकलं जातं ते कसं? उत्तर वाटतं तेवढं सरळ नाही, आणि 'पुरुषांची मानसिकता' एवढ्यावर ते संपतही नाही.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ज्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो ते ओपन सोर्स. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी असलेलं लिनक्स, फायरफॉक्स ब्राउझर, पायथन ही भाषा, जगातले बहुतेक वेब सर्व्हर, सगळं यातलंच. आणि हॅकर म्हणजे इथे बँकेतले पैसे लांबवणारा नव्हे, तर यंत्र उघडून, समजून घेऊन त्याला हवं तसं वळवण्यात रमणारा माणूस. आज यातले बरेच जण कंपन्यांच्या पगारावर हेच काम करतात, पण मूळ परंपरा लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांचीच. पैसे नाहीत, म्हणून नावाला मोल. इथे नाव हेच चलन आहे. नोकरी, परिषदेतलं भाषण, प्रोजेक्टमधला अधिकार, सगळं त्या नावावर मिळतं.

नोंद कशी होते

हे नाव नोंदवलं जातं गिटमध्ये. गिट हे लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिलेलं साधन. आता जवळपास सगळं जग ते वापरतं. कोडमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाची एक नोंद होते, तिला कमिट म्हणतात. नोंदीत लेखकाचं नाव आणि ईमेल, तो बदल प्रोजेक्टमध्ये दाखल करणाऱ्याचं नाव, तारीख आणि काय केलं याचा खुलासा एवढं असतं.

एक नमुना डोळ्यासमोर आणा. लिनक्सच्या एका ड्रायव्हरमुळे, म्हणजे यंत्राचा एखादा भाग चालवणाऱ्या प्रोग्राममुळे, लॅपटॉप झोपेतून जागाच होत नाही. एका व्यक्तीने हे पहिल्यांदा कळवलं आणि दोन-तीन रात्री घालवून नेमका कुठल्या बदलानंतर हा घोळ सुरू झाला ते हुडकलं. दुसऱ्याने दोन ओळींची दुरुस्ती लिहिली. तिसरीने ती चार वेगवेगळ्या मशीनवर चालवून पाहिली. चौथ्याने वाचून खोट काढली आणि सुधारून घेतली. कमिटवर लेखक म्हणून नाव येतं ते दोन ओळी लिहिणाऱ्याचं. बाकीच्यांची नावं खुलाशाच्या तळाशी 'रिपोर्टेड बाय', 'टेस्टेड बाय', 'रिव्ह्यूड बाय' अशा शेपटांमध्ये जातात. तीही कुणी आठवणीने घातली तर. लिनक्समध्ये ही शिस्त बरी आहे. शेकडो लहान प्रोजेक्टमध्ये तिचा पत्ता नसतो.

मग वर्षाअखेर कुणीतरी 'आमचे सर्वाधिक योगदान देणारे' अशी यादी काढतं. ती यादी काढणारी आज्ञा मोजते फक्त लेखकाचा रकाना. इथून पुढचं सगळं रामायण या एका रकान्याभोवती फिरतं.

मोजलं तेव्हा

युरोपीय संघाच्या पैशातून झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २००६ मध्ये आला: मुक्त सॉफ्टवेअरच्या समुदायांत बायकांचं प्रमाण सुमारे दीड टक्का. त्याच सुमारास कंपन्यांमध्ये, बंदिस्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांत, ते २८ टक्के होतं. हा फरक नीट पाहण्यासारखा आहे, कारण 'मुलींना कॉम्प्युटरची आवडच नसते' हे ठेवणीतलं उत्तर तो एका झटक्यात निकालात काढतो. २८ टक्के बायका कोड लिहित होत्याच. त्या ओपन सोर्सच्या दारापर्यंत येत नव्हत्या किंवा दारातून परत जात होत्या.

अकरा वर्षांनी, २०१७ मध्ये, गिटहबने, म्हणजे प्रोजेक्टचा कोड जिथे ठेवला जातो त्या वेबसाइटने, साडेपाच हजार लोकांना विचारून पाहणी केली. ९५ टक्के पुरुष, ३ टक्के बायका. म्हणजे अकरा वर्षांत गाडी दीडवरून तीनवर! दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी, त्यामुळे याला दामदुप्पट म्हणण्याचा उत्साह दाखवू नये. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट होती. नकोशी वाटणारी भाषा किंवा मजकूर समोर आल्याचं २५ टक्के बायकांनी सांगितलं, पुरुषांमध्ये हे प्रमाण १५ टक्के होतं. 'तू अमुक आहेस म्हणजे तुला तमुक येत नसणार' अशा साचेबंद वागणुकीचा अनुभव १२ टक्के बायकांना होता, तर पुरुषांपैकी दोन टक्क्यांना.

आपल्याकडच्या आयटी कंपन्यांत बायका तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहेत. हिंजवडीच्या कुठल्याही कंपनीच्या कँटीनमध्ये दुपारी एक वाजता जाऊन पाहिलं तरी हे कळतं. कोड लिहिणारी बाई हे आपल्याला नवल राहिलेलं नाही. म्हणूनच तीन टक्क्यांचा आकडा मराठी वाचकाला जास्त खटकायला हवा.

ज्या नावाने हे सगळं ओळखलं जातं

आता जरा मागे, फेब्रुवारी १९९८ मध्ये. नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा कोड खुला करायचं नुकतंच जाहीर केलं होतं आणि कॅलिफोर्नियातली काही मंडळी या संधीचं सोनं कसं करावं याच्या विचारात होती. तोवर रूढ असलेला शब्द होता 'फ्री सॉफ्टवेअर'. ख्रिस्तीन पीटरसन तेव्हा फोरसाइट इन्स्टिट्यूट या संस्थेचं काम पाहत. नवख्या माणसाचं लक्ष या शब्दामुळे थेट किमतीकडे जातं आणि मूळ मुद्दा राहून जातो, हे त्यांना खुपत होतं. त्यांनी 'ओपन सोर्स' हे नाव शोधलं.

पुढची हकिगत त्यांनीच वीस वर्षांनी, २०१८ मध्ये, लिहून ठेवली आहे. माउंटन व्ह्यूमध्ये एका कंपनीच्या ऑफिसात बैठक भरली. एरिक रेमंड आणि लिनक्स जगातली इतर मोठी नावं हजर होती. या गोतावळ्यात आपलं वजन नाही, तेव्हा उठून 'हे नाव घ्या' म्हटलं तर कोण ऐकणार, असा विचार करून पीटरसन गप्प बसल्या. त्यांच्याशी आधी बोलणं झालेले टॉड अँडरसन यांनी मग एक शक्कल लढवली. नावाची वकिली न करता दुसऱ्याच विषयावर बोलताना त्यांनी तो शब्द सहज वापरला. थोड्या वेळाने आणखी कुणीतरी नकळत तोच वापरला. बैठकीच्या शेवटी नावाचा विषय उघडपणे निघाला, तेव्हा अँडरसन यांनी 'ओपन सोर्स'ची बाजू मांडली आणि रेमंड यांनी दुजोरा दिला. ठरलं!

पुढे रेमंड यांनी नावाचा जोरदार प्रचार केला, ब्रूस पेरेन्स यांनी व्याख्या बसवली, ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था उभी राहिली. रेमंड यांनी श्रेय लपवलं नाही, ते पीटरसन यांनाच दिलं. तरीही पुढची कितीतरी वर्षं सर्वसाधारण वाचकाच्या डोक्यात हे नाव रेमंड यांच्याशीच चिकटून राहिलं. कुणी चोरी केलेली नाही, खोटं बोललेलं नाही. शब्दाच्या मागे जो सतत व्यासपीठावर दिसला त्याच्या खात्यावर तो जमा झाला, एवढंच. मला ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची वाटते. श्रेय हरवायला खलनायक लागतोच असं नाही.

गंमत म्हणजे बायकांची नावं या जगात ठायी ठायी आहेत. डेबियन हे लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी एक जुनं रूप. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये ते सुरू केलं तेव्हा आपल्या नावाला मैत्रीण डेब्राचं नाव जोडलं. मायएसक्यूएल या डेटाबेसमधली 'माय' ही त्याच्या निर्मात्याची मुलगी आणि मारियाडीबी या दुसऱ्या डेटाबेसमधली 'मारिया' ही धाकटी. जगभरचे सर्व्हर या नावांवर चालतात. प्रेमाची गोष्ट आहे, नाकं मुरडण्यासारखं त्यात काही नाही. फक्त पाटीवर नाव असणं आणि कमिटवर असणं यात अंतर आहे.

नाव दिसलं की

बाहेरच्या माणसाने सुचवलेल्या बदलाला गिटहबवर पुल रिक्वेस्ट म्हणतात. तो स्वीकारायचा की परत पाठवायचा हे प्रोजेक्टची मालकमंडळी ठरवतात. काही अमेरिकन संशोधकांनी अशा लाखो पुल रिक्वेस्ट तपासल्या. गिटहबवर कुणी लिंग नोंदवत नाही, म्हणून त्यांनी ईमेल पत्त्यांवरून गूगल प्लसवरची खाती जुळवली आणि सुमारे १४ लाख लोक स्त्री की पुरुष हे शोधून काढलं. प्राथमिक निष्कर्ष २०१६ मध्ये आले, पूर्ण निबंध २०१७ मध्ये.

सरसकट पाहिलं तर बायकांचे बदल पुरुषांच्या बदलांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारले गेले होते, फरक सुमारे चार टक्क्यांचा. इथे थांबलो तर प्रश्नच मिटला. पण संशोधकांनी पुढे दोन गट केले: ज्यांच्या प्रोफाइलवरून ही बाई आहे की बुवा हे कळतं ते, आणि कळत नाही ते. प्रोजेक्टला आधीपासून माहीत असलेल्यांच्या बाबतीत असा फटका दिसला नाही. पण अनोळखी, बाहेरून आलेल्या बायकांच्या बाबतीत, बाई असल्याचं कळत असेल तिथे स्वीकाराचं प्रमाण १२ टक्क्यांनी खाली होतं. पुरुषांचंही प्रमाण कमी होतं, पण ३.८ टक्क्यांनी.

वर्तमानपत्रांनी तेव्हा 'बायका जास्त चांगल्या प्रोग्रामर, पुरुष पक्षपाती' असे मथळे छापले. निबंध इतका भडक नव्हता. टिकून राहिलेल्या बायका आधीच गाळून-चाळून आलेल्या असतात, त्यामुळे त्यांचं सरासरी काम सरस दिसणं शक्य आहे. २०१९ मध्ये याच विषयावरचा पुढचा अभ्यास आला. गिटहबवर जे उघड दिसतं त्यात पक्षपाताच्या खुणा फारशा सापडल्या नाहीत. मात्र बायका कमी ठिकाणी आणि जपून, बेताने बोलत वावरतात असं आढळलं. याचे दोन अर्थ निघतात. एक, परिस्थिती बरी आहे. दुसरा, जिला चटका बसला ती आधीच पाय आवरून बसते, त्यामुळे नोंदीत चटका दिसतच नाही. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण पहिला खोडून काढता येतो असं मी म्हणणार नाही.

यातून होणारी कोंडी मात्र खरी आहे. नाव दाखवावं तर नवख्या जागी कोडआधी बाई वाचली जाते. आद्याक्षरं आणि मांजराचा फोटो लावून वावरावं तर काम पुढे सरकतं, पण केलेलं काम एका बाईचं होतं हे कुणालाच कळत नाही, आणि पुढच्या मुलीला तिथे आपल्यासारखं कुणी दिसत नाही. कित्येक जणी दुसरा मार्ग घेतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

रकान्याबाहेरचं काम

कोड हे प्रोजेक्टचं एक अंग. नवख्यांचे प्रश्न सोडवणं, आलेल्या तक्रारी चाळून खऱ्या-खोट्या वेगळ्या करणं, सूचनापुस्तिका लिहिणं, परिषद भरवणं, दोन तापट देखभालदारांमध्ये (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांमध्ये) समेट घडवणं, भाषांतर, परवान्यांची कायदेशीर बाजू, ही सगळी दुसरी अंगं. या कामाशिवाय प्रोजेक्ट महिनाभरही धड चालत नाही, आणि हे काम लेखकाच्या रकान्यात येत नाही. शेतात राबणारी एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

असं काम फक्त बायकाच करतात असं नाही. पण ते त्यांच्याकडे आपोआप सरकतं. 'तू लोकांशी छान बोलतेस' म्हणत स्वागतकक्ष हाती येतो आणि दोन वर्षांनी तीच बाई 'टेक्निकल नाही' ठरते. वेल्सच्या तेल्सा ग्विन यांचं ग्नोममधलं काम या जातीचं होतं. ग्नोम म्हणजे लिनक्सवरचा एक डेस्कटॉप. २००० च्या आसपास त्या त्याच्या तक्रारी निवारत होत्या, पुस्तिका लिहीत होत्या. जुन्या ग्नोमवाल्यांना त्या चांगल्या आठवतात. कमिट मोजणारी यादी काढली तर त्यांचं आणि त्यांचे पती, लिनक्सचे मातब्बर प्रोग्रामर ॲलन कॉक्स यांचं माप एका तराजूत बसणारच नाही.

वकील मंडळींचंही तेच. मिचेल बेकर यांनी नेटस्केपमध्ये असताना मोझिलाचा, म्हणजे नेटस्केपच्या खुल्या झालेल्या ब्राउझर-कोडचा, परवाना लिहिला. तो नसता तर तो कोड खुला होऊनही कुणाला निर्धास्तपणे वापरता आला नसता. कॅरन सँडलर यांची गोष्ट तर थेट काळजाला भिडणारी. त्यांच्या छातीत डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडले की शॉक देणारं यंत्र, बसवलेला आहे. बसवताना त्यांनी विचारलं, की या यंत्राचा कोड बघायला मिळेल का? मिळाला नाही. पुढे गरोदरपणात हृदयाची धडधड वाढते तशी वाढली, यंत्राला तो धोका वाटला आणि त्याने त्यांना विनाकारण शॉक दिले. शरीरात बसवलेल्या सॉफ्टवेअरचा कोड रुग्णाला का पाहता येऊ नये, हा प्रश्न त्या तेव्हापासून जगभर मांडत आहेत. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा २०१७ चा पुरस्कार त्यांना मिळाला. गरोदर बाईचं हृदय यंत्राच्या हिशेबातच नव्हतं, हे कुणी कमिट मोजून शोधलं नसतं.

भाषांतराचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. ग्नोम, केडीई, लिबरऑफिस, फायरफॉक्स ही मराठीत आहेत, ती कुणीतरी हजारो वाक्यं एकेक करून बसवली म्हणून. यातल्या बऱ्याच प्रोजेक्टमध्ये भाषांतराची फाइल एका ठरावीक साच्यात असते आणि तिच्या डोक्यावर 'शेवटचा भाषांतरकार' असा एक रकाना असतो. शेवटचा! सात वर्षं राबलेली व्यक्ती आणि काल दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारणारी व्यक्ती यांत नाव राहतं ते कालच्या व्यक्तीचं. ग्नोमच्या ॲपमध्ये 'विषयी' ही चौकट उघडली की भाषांतरकारांची नावं दिसू शकतात, पण त्यासाठीही एक विशिष्ट वाक्य असतं आणि त्याच्या 'भाषांतरा'त आपली नावं भाषांतरकारांनीच भरायची असतात. संकोचापायी ते कोरं ठेवलं की चौकटही कोरी.

लग्नानंतरचं आडनाव

हा मुद्दा सहसा कुणी काढत नाही, पण आपल्याकडे तो घरोघरी आहे. लग्न झालं की आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत पहिलंही बदलतं. गिटला हे पचत नाही, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे.

प्रत्येक कमिटला एक लांबलचक खूणक्रमांक असतो, त्याला हॅश म्हणतात. बदलाचा मजकूर, लेखकाचं नाव, ईमेल, तारीख आणि आधीच्या कमिटचा हॅश, या सगळ्यांतून तो गणिताने काढला जातो. नावातलं एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो. तो बदलला की त्यानंतरच्या प्रत्येक कमिटचा बदलतो, कारण प्रत्येकात आधीचा गुंफलेला आहे. जगभरातल्या लोकांकडे असलेल्या प्रती मग एकमेकींशी जुळेनाशा होतात. म्हणून जुना इतिहास कुणी बदलत नाही. कुलकर्णी म्हणून केलेली चारशे कमिट कुलकर्णींकडेच राहतात, देशपांडे म्हणून केलेली साठ देशपांडेंकडे. यादीत या दोन बायका होतात, दोघीही खाली.

ईमेलचं आणखी वेगळं. गिटहब कमिट कुणाचं हे ईमेलवरून ओळखतो. नोकरी सुटली, कंपनीचा पत्ता बंद झाला आणि तो आधी खात्याला जोडलेला नसेल, तर ती सगळी कमिट बेवारस. बाळंतपणात नोकरी सोडून तीन वर्षांनी परत येणारीला हा फटका हमखास बसू शकतो.

उपाय आहे. प्रोजेक्टच्या मुळाशी 'मेलमॅप' नावाची एक साधी फाइल ठेवता येते. एका ओळीत नवं नाव, नवा पत्ता आणि पुढे जुना पत्ता लिहायचा. इतिहास जसाच्या तसा राहतो, पण गिट यादी दाखवताना दोघींना एक धरतं. काम एका ओळीचं आहे. पण ती ओळ प्रोजेक्टमध्ये घालण्यासाठी जगासमोर विनंती करावी लागते, आणि फाइलमध्ये दोन्ही पत्ते, कधी दोन्ही नावं, शेजारी शेजारी कायमची राहतात. घटस्फोट झालेलीला किंवा लिंगबदल केलेल्या व्यक्तीला हा जाहीर पंचनामा नको असू शकतो. तेवढ्यासाठी मग चारशे कमिटवर पाणी सोडलं जातं. तिशीच्या आधी कमावलेलं नाव असं निम्म्यावर येणं पुरुषांच्या वाट्याला क्वचित येतं.

आणि वेळ

हौसेचं काम फावल्या वेळात होतं. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ९७. रोजच्या सव्वातीन तासांहून जास्त फरक. रात्री अकराला अमेरिकेतल्या देखभालदाराने 'एवढं सुधारून आजच पाठवा' म्हणावं आणि पाठवणाऱ्याने ते पाठवावं, अशा लयीवर हे जग बेतलेलं आहे. यावर वेगळं भाष्य नको.

काय केल्याने फरक पडला

सुरुवात बायकांनीच केली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डेब रिचर्डसन यांनी लिनक्सचिक्स हा गट काढला. नियम दोनच: सौजन्याने वागा, मदत करा. हे वेगळं सांगावं लागत होतं यावरून बाकी ठिकाणचं वातावरण कळावं. २००२ मध्ये व्हॅल हेन्सन यांनी लिनक्सकडे बायकांना कसं वळवावं यावर एक मार्गदर्शिका लिहिली. त्यातली एक सूचना मला फार आवडते: तिच्या हातातला कीबोर्ड काढून घेऊ नका. शिकवताना 'सरक, मी करून दाखवतो' म्हणणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. २००४ मध्ये डेबियन विमेन हा गट सुरू झाला. वागणुकीचे नियम मोठ्या प्रोजेक्टमध्ये यायला आणखी वेळ गेला. लिनक्सने सविस्तर आचारसंहिता स्वीकारली ती सप्टेंबर २०१८ मध्ये, टोरवाल्ड्स यांनी स्वतःच्या शिवराळपणाबद्दल माफी मागून काही काळ सुट्टी घेतली तेव्हा.

पण सगळ्यात बोलकं उदाहरण २००६ चं. विद्यार्थ्यांसाठीच्या गूगलच्या उन्हाळी उपक्रमासाठी ग्नोमकडे १८१ अर्ज आले. त्यात एकही बाई नव्हती. कुणी म्हणालं असतं, 'त्यांना रस नाही, आपण काय करणार?' ग्नोमने थोडे पैसे काढून फक्त विद्यार्थिनींसाठी तसाच उपक्रम जाहीर केला. शंभर अर्ज आले आणि सहा जणी निवडल्या गेल्या. त्याच वर्षी, त्याच प्रोजेक्टला! रस होता, आमंत्रण आपल्यासाठी आहे असं वाटत नव्हतं.

२०१० मध्ये मरीना झुराखिन्स्काया यांनी हाच धागा उचलून ग्नोममध्ये कायमचा उपक्रम उभा केला. तोच पुढे आउटरीची झाला आणि २०१५ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्वन्सी या संस्थेकडे गेला. रचना साधी पण विचारपूर्वक आहे. तीन महिने घरबसल्या काम, त्याचा मोबदला, प्रत्येकीला एक मार्गदर्शक. आणि निवड होण्याआधीच अर्जदाराला प्रोजेक्टमध्ये एखादं खरं, लहानसं काम करावं लागतं, म्हणजे दाराबाहेर उभं राहण्याचा अवघड टप्पा कुणीतरी हात धरून पार करून देतं. पुल रिक्वेस्टच्या अभ्यासात फटका बसत होता तो अनोळखी बायकांना. इथे ती अनोळखी राहतच नाही. आता हा उपक्रम केवळ बायकांपुरता नाही. हजाराहून अधिक जण त्यातून बाहेर पडले, त्यात भारतातल्या मुली पुष्कळ. लिनक्सच्या गाभ्यातही ही वाट गेली आणि तिथे मार्गदर्शन करणाऱ्यांत ज्युलिया लॉल या संशोधक होत्या. कोक्सिनेल हे साधन त्यांच्या चमूचं. लाखो ओळींत एकाच प्रकारची चूक जिथे जिथे आहे तिथे ती शोधून दुरुस्त करायचं काम ते करतं. नवख्या मुलीला पहिली दुरुस्ती हाती द्यायला याहून सोयीचं काय असणार?

पायथनची गोष्ट वेगळ्या अंगाने जाते. अमेरिकेतल्या पायकॉन परिषदेत २०११ मध्ये बायकांची भाषणं एक टक्का होती, २०१६ मध्ये ४० टक्के. आयोजकांनी आरक्षण ठेवलं नाही. चांगलं काम करणाऱ्या बायका शोधून एकेकीला स्वतः लिहिलं, की तुम्ही प्रस्ताव पाठवा. निवडीच्या पहिल्या फेरीत नावं झाकली. आपल्याकडे पायलेडीज या, पायथन वापरणाऱ्या बायकांच्या संघटनेचे गट आहेत, पुण्यातही आहे. भाषेचे जनक गीडो फान रॉसम यांनी परिषदेत जाहीरपणे सांगितलं, की गाभ्यातल्या चमूत बायका हव्यात आणि मी स्वतः शिकवायला तयार आहे. इंडोनेशियातून कॅनडात आलेल्या मारियाटा विजया यांनी त्यांना ईमेल केली. २०१७ मध्ये त्या पायथनच्या पहिल्या महिला कोअर डेव्हलपर झाल्या. मग त्यांनी काय केलं? नव्या आवृत्तीतली दुरुस्ती जुन्या आवृत्त्यांमध्ये नेण्याचं कंटाळवाणं काम करणारा बॉट लिहिला. सगळ्यांचा वेळ वाचला. गिटच्या नोंदीत मात्र अशा कमिटवर बॉटचंही नाव झळकतं!

नोंदीची पद्धतही हळूहळू बदलते आहे. २०१८ पासून गिटहब एका कमिटला एकाहून जास्त लेखक दाखवतो. 'ऑल कॉन्ट्रिब्युटर्स' ही पद्धत वापरणारे प्रोजेक्ट कोडबरोबर भाषांतर, पुस्तिका, चाचणी, आयोजन यांसाठीही पहिल्या पानावर नाव लावतात. आणि २०२० मध्ये गिटच्या यादी काढणाऱ्या आज्ञेला एक नवा पर्याय मिळाला: लेखकाऐवजी खुलाशाच्या तळाशी असलेल्या शेपटांनुसार मोजायचा. कुणी किती कोड तपासला, कुणी किती तक्रारी कळवल्या, कुणी किती सहलेखन केलं, अशा वेगवेगळ्या याद्या त्याच इतिहासातून निघतात. कुठल्याही प्रोजेक्टवर ही आज्ञा चालवायला मिनिटही लागत नाही. पहिल्या दहांतली नावं नेहमीच्या यादीपेक्षा बऱ्यापैकी वेगळी निघू शकतात. तसं झालं तर पुढच्या परिषदेला कुणाला बोलवायचं याची यादीही वेगळी होईल. शेपटंच नसतील तर मात्र आज्ञा कोरी यादी देईल, आणि मग काम सुरू करायचं ते कमिटचा खुलासा लिहिण्याच्या सवयीपासून.